युर्गनरावांचा कान आणि ढोलाचं कातडं

माझ्या व्याह्यांचा कान दुखत होता, म्हणून मी त्यांना ढोल दुरुस्त करणाऱ्याकडे घेऊन गेलो.

यात सगळी चूक माझी नव्हती. निम्मी इंग्रजीची होती, निम्मी जर्मनची. (आमच्या हिचा हिशेब वेगळा आहे.)

आमची सई जर्मनीला शिकायला गेली आणि तिथल्याच लुकासशी लग्न ठरवून आली. लग्न मात्र नेरूळला, आपल्या पद्धतीनं! चार दिवस आधी लुकास आईवडिलांना घेऊन आमच्याकडे उतरला. वडिलांचं नाव युर्गन. मी पहिल्या मिनिटापासून त्यांना युर्गनराव करून टाकलं. त्यांना मराठी शून्य, इंग्रजी चिमूटभर. पण माझा निर्धार पक्का होता : व्याह्यांशी बोलायचं ते जर्मनमध्येच, आणि मध्ये कुणाला घ्यायचं नाही! सहा महिने मोबाईलवर धडे गिरवले होते. शिवाय वाशीच्या मार्केटात मी तीस वर्षं कांदे विकलेत. अख्ख्या देशाशी घासाघीस केलेला माणूस एका जर्मनाला घाबरतो होय?

दुसऱ्या दिवशी सकाळी सई, लुकास आणि विहीणबाई खरेदीला ठाण्याला गेले. इकडे युर्गनराव खोलीतून बाहेर आले ते तोंड वाकडं करून.

"ट्रॉमेलफेल!" ते कळवळून म्हणाले. "कापुट!"

'कापुट' म्हणजे बिघडलं, हे मला येत होतं. 'ट्रॉमेल' मोबाईलमध्ये शोधलं. पहिलाच अर्थ आला : कपडे धुण्याच्या मशीनमधला ड्रम. मी त्यांचा हात धरून त्यांना मशीनपाशी नेलं, दार उघडलं, आतला ड्रम गरागरा फिरवून दाखवला. "गूट! गूट!" म्हणालो. म्हणजे एकदम चांगला आहे!

युर्गनरावांनी सभ्यपणे आत डोकावून पाहिलं. मग त्यांनी त्यांचं चिमूटभर इंग्रजी बाहेर काढलं. "नो, नो. इअर... ड्रम!"

जर्मनमध्ये 'हिअर' म्हणजे 'इथे'. माणूस इथला ड्रम मागतोय! मी त्यांना न्हाणीघरात नेलं आणि पाण्याच्या निळ्या ड्रमचं झाकण उघडलं. ड्रम काठोकाठ भरलेला होता. युर्गनरावांनी डोळे मिटून घेतले.

"अहो, ते कान धरतायत," ही मागून म्हणाली. "कान दुखत असेल त्यांचा."

"तुला जर्मन येतं का?"

"कान कळतो ना मला! सईला फोन लावा."

"लग्नाच्या गडबडीत पोरीला कशाला टेन्शन? मी आहे ना!"

मी पुन्हा मोबाईल उघडला. 'ट्रॉमेल'चा दुसरा अर्थ : ढोल. 'फेल' : कातडं. डोक्यात लख्ख उजेड पडला! युर्गनरावांनी हळदीला वाजवायला जर्मनीहून ढोल आणला होता आणि विमानात त्याचं कातडं फाटलं होतं! एवढी अवजड बॅग ते उगाच आणतील का? इतक्यात ते स्वतःच म्हणाले, "आर्ट्स्ट! आर्ट्स्ट!"

"बघ!" मी हिला म्हणालो. "आर्टिस्ट आहेत ते!"

मग मी थांबतो काय! बॅग उचलली, युर्गनरावांना रिक्षात बसवलं आणि थेट जासई गाठली. तिथे ढोल मढवणारे पांडूदादा माझ्या ओळखीचे. वाटेत एकामागून एक कंटेनरचे ट्रेलर भोंगे मारत जात होते आणि युर्गनराव दोन्ही कानांवर हात ठेवून बसले होते. कलाकाराला गोंगाट सहन होत नाही, मी मनात म्हटलं.

पांडूदादांनी बॅग उघडली. आत बघतच राहिले.

"शेठ, हितं तर स्वेटर हायेत! ढोल कुठं हाय?"

"घरी राहिला असेल," मी म्हणालो. (अजूनही!) "तुम्ही आधी आवाज तर ऐकवा. त्यांना पसंत पडू दे."

पांडूदादांनी नुकताच मढवलेला ढोल उचलला, युर्गनरावांच्या शेजारी उभे राहिले आणि टिपरू हाणलं. ढां! छपरावरची कबुतरं उडाली. युर्गनराव कबुतरांच्या आधी उडाले. कान दाबून त्यांनी भिंतीवरचे ढोल पाहिले, कातडी पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि ओरडले, "आख, द्रुम! द्रुम झिंड वीर हिअर!"

"येस, येस! ड्रम!" मी आनंदानं त्यांना मिठी मारायला निघालो.

पांडूदादांनी माझा दंड धरला. "शेठ, या मानसाचा कान दुखतोय. तुमाला दिसत नाय का?"

आता मात्र मी सईला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"बाबा, आपण कानाचा पडदा म्हणतो ना, त्याला इंग्रजीत इअरड्रम म्हणतात. जर्मन लोक त्यालाच ढोलाचं कातडं म्हणतात, ट्रॉमेलफेल. आणि आर्ट्स्ट म्हणजे डॉक्टर!"

"पण ते आत्ता द्रुम म्हणाले की!"

"जर्मनमध्ये द्रुम म्हणजे 'म्हणून'. ते म्हणतायत, 'अच्छा, म्हणून आलोय होय आपण इथे!'"

लग्न तीन दिवसांवर, आणि व्याह्याचा दुखरा पडदा मी स्वतः ढोल वाजवून फाडला असेल तर? मी युर्गनरावांसमोर हात जोडले. सहा महिन्यांचं जर्मन एका क्षणात साफ झालं होतं. "चुकलो हो, युर्गनराव," मी मराठीतच म्हणालो. ते माझ्याकडे बघत राहिले आणि अचानक हसायला लागले. कान धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. पांडूदादांनी त्यांना चहा पाजला.

सईनं कळवल्यामुळे ही नेरूळच्या दवाखान्यात आमच्या आधीच येऊन बसली होती. डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून पाहिलं. पडदा शाबूत होता. विमानातल्या हवेच्या दाबानं सुजला होता, एवढंच. दोन दिवसांत सूज उतरेल, म्हणाले. मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

सगळी हकिगत ऐकल्यावर डॉक्टर मला म्हणाले, "काका, तुम्हीपण बसा इथं. तुमचेही कान बघून घेतो."

त्यांनी माझे दोन्ही कान तपासले. दोन्ही पडदे ठणठणीत निघाले!

मी विजयी मुद्रेनं हिच्याकडे पाहिलं.

"हो ना," ही डॉक्टरांना म्हणाली. "बिघाड त्या दोन पडद्यांच्या मध्ये आहे. तिथली काही तपासणी असते का?"