नव्व्याण्णव कुणापाशी ठेवली?

मेंढरू दिवसभर रानात हिंडतं आणि सांजच्याला वाड्यावर येतं तेव्हा त्याच्या लोकरीत गोखरू, कुसळं, काय काय अडकलेलं असतं. कुठला काटा कुठल्या बांधावर लागला ते काही कळत नाही. माझ्या किस्स्यांचं तसंच आहे. पाळकांच्या शाळेत इतकी वर्षं काढली की आता कुणी नुसता हात फिरवला तरी एखादा टोचतो.

पाळकांची शाळा म्हणजे सेमिनरी. घनसावंगीच्या रस्त्याला आहे. लुथरन मंडळीचे, त्या चर्चचे, पाळक म्हणजे पाद्री इथं तयार होतात. अठरा पोरं, तीन मास्तर, एक प्रिन्सिपल साहेब आणि मेस सांभाळणाऱ्या बाई, म्हणजे साहेबांच्या बायको. मी ख्रिस्ती नाही आणि शाळेची पायरीही कधी चढलो नाही. आमचं घर मेंढरं राखणारं. गुडघे गेले तसा कळप पुतण्याच्या हवाली केला आणि इथं बागेला पाणी घालायला, घंटा द्यायला लागलो. घंटा म्हणजे लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. पोरं मला तात्या म्हणतात. मी सांगतोय आणि नात लिहून घेतेय. तिची बारावी झालीय, म्हणून भाषा माझ्यापेक्षा सरळ आहे.

*

पोरांचा दिवस माझ्या घंटेवर चालतो. साडेपाचला उठायची, सहाला चॅपलची, आठला नाश्त्याची, मग वर्गांच्या. दुपारी एक तास खुरपं घेऊन बागेत. चारला पुन्हा पुस्तकं, सांजला प्रार्थना. रविवारी आजूबाजूच्या गावांत जायचं, आजाऱ्याला भेटायचं, लेकरांना गाणी शिकवायची.

सकाळच्या चॅपलमध्ये एकेकाची प्रार्थना करायची पाळी असते. एकदा सुमंत नावाच्या पोराची पाळी होती. झोपेतच उभा राहिला, डोळे मिटले आणि समोर वाढलेल्या अन्नाबद्दल देवाचे आभार मानले. मेसमध्ये अजून चूलसुद्धा पेटली नव्हती. सगळ्यांनी गपचूप आमेन म्हटलं.

आठला सुमंत ताटावर बसला, हात जोडले, डोळे मिटले. बाई पोह्यांचं पातेलं घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "तुझी सकाळीच झालीय. खा गपगुमान."

*

ग्रीकचा, म्हणजे बायबलच्या मूळ भाषेचा, वर्ग बागेकडच्या खोलीत. खिडकीखाली माझी सदाफुली. त्यामुळं ग्रीक मला दरवर्षी पहिल्यापासून ऐकावं लागतं. पोरं पास होऊन जातात, मी तिथंच राहतो.

पहिला धडा ठरलेला असतो. लुओ म्हणजे मी सोडतो, जसं दावणीचा बैल सोडतो तसं. मग तू सोडतोस, तो सोडतो, आम्ही सोडतो, असं सगळं पाठ करायचं.

एका वर्षी राजूरकडचा दानियल म्हणून पोरगा आला. उंच, खाली मान घालून चालणारा. पाठ त्याला सगळं असायचं. बागेत खुरपताना अख्खा धडा म्हणून दाखवायचा. पण सरांनी फळ्यापाशी उभं केलं आणि सगळी तोंडं त्याच्याकडं वळली की झालं. लुओ म्हणाला, लुएइस म्हणाला, लुएइ म्हणाला आणि पुढं ओठ नुसते हलत राहिले. मला राहवलं नाही. झारी हातात तशीच धरून मी खिडकीतून म्हटलं, "लुओमेन."

ग्रीकचे सर तेलुगू मुलखातले. मराठी सावकाश, जोखून बोलतात. खिडकीकडं बघून म्हणाले, "तात्या, तुम्ही आत या. झारी ह्याला द्या."

*

साहेबांचा एक नियम आहे. पोरानं चॅपलमध्ये उपदेश करण्याआधी तो लिंबाखाली बसून मला ऐकवायचा. दुसऱ्या सकाळी साहेब मला विचारतात, तात्या, काय सांगितलं त्यानं? जे मला सांगता येतं ते ठेवायचं, जे येत नाही ते पोरानं खोडायचं. पाळक होऊन गावात गेल्यावर समोर माझ्यासारखीच माणसं बसायची, असं साहेबांचं म्हणणं. म्हणून पोरं ग्रीकच्या सरांना भीत नाहीत तेवढी मला भितात. मी कुणाला कधी काही बोललेलो नाही.

एका हुशार पोरानं मला चाळीस मिनिटं उपदेश ऐकवला. नीतिमत्त्व, समेट, प्रायश्चित्त, एकामागं एक. मी जागचा हललो नाही. सकाळी साहेबांनी विचारलं. मी आठवून आठवून सांगितलं, "आवाज चांगला हाय पोराचा. खिशाला दोन पेन होते."

पोरानं उपदेश पहिल्यापासून लिहिला. या वेळी एकच पेन लावून आला.

*

दानियलचा चॅपलमधला पहिला उपदेश मी दारातून ऐकला. ऐकला म्हणजे काय, पोरगा वर चढला, कागद उलगडला, घाम पुसला, सगळ्यांकडं बघितलं, आमेन म्हणाला आणि खाली उतरला.

साहेब शांत माणूस. म्हणाले, "शेवट बराबर केला. आता अलीकडचं तेवढं भर."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या जीपनं दानियल निघून गेला. पेटी नेली, चादर विसरला.

साहेबांनी मोटरसायकल काढली. घरी बघितलं, तिथं नाही. आष्टीला मामा होता, तिथं नाही. तिसऱ्या दिवशी राजूरला सापडला. गणपतीच्या देवळापुढं दोस्ताच्या दुकानावर उभा राहून, चतुर्थीच्या गर्दीत, गळ्याच्या शिरा ताणून नारळ विकत होता. साहेब थोडा वेळ बाजूला उभे राहून ऐकत राहिले. मग पुढं होऊन एक नारळ मागितला. म्हणाले, "आवाज हाय की रे तुझ्याजवळ."

इकडं तीन दिवस वेगळाच गोंधळ. एक गेला म्हटल्यावर आणखी दोघांनी पेट्या भरल्या. एकाला ताप चढला. स्वैपाकीण नेमकी लग्नाला गेल्ती. बाई तिन्ही वेळ भाकऱ्या थापत होत्या, तापातल्या पोराच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होत्या. त्या दोघांच्या पेट्यांना त्यांनी कुलपं घातली, चाव्या पदराच्या टोकाला बांधल्या आणि म्हणाल्या, "साहेब आले की मागा."

साहेब दानियलला मागं बसवून आले तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या बागेतल्या झेंडूचे दोन हार झाले, एक साहेबांना, एक दानियलला. फोटो निघाले. बाई मेसच्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "हात धुवा. ताटं वाढते."

त्या नारळाची चटणी झाली. चाव्या पदरालाच राहिल्या होत्या. पोरांनी त्या मागितल्याच नाहीत.

*

दुसऱ्या वर्षीचा उपदेश दानियलनं पाठ केला. कागद नकोच म्हणाला. लिंबाखाली मला एकदाही न अडखळता म्हणून दाखवला. चॅपलमध्ये सुरुवात झाली, पाच मिनिटं गाडी नीट चालली आणि मग बाकावर कुणीतरी खोकलं. तेवढ्यानं तो तुटला. पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. त्याच जागी आल्यावर स्वतःच थांबला आणि खोकणाऱ्याकडं बघत राहिला.

साहेबांनी त्याला खोलीत बोलावलं. मी खिडकीपाशी कुंड्या हलवत होतो. साहेब म्हणाले, तिसऱ्यांदा असं झालं तर माझ्या हातात काही राहत नाही. कमिटीचे दोन साहेब येणार आहेत. ते नाही म्हणाले की तुला घरी जावं लागेल.

दानियलच्या गावात मंडळीची अकरा घरं. पत्र्याचं चर्च आहे, पण पाळक महिन्यातून एकदा येणार, तोही दुसरीकडून उरकून. त्या अकरा घरांनी ह्याला पाठवला होता. बागेत खुरपताना तो मला म्हणाला, "तात्या, आमच्या गावातली म्हातारी माणसं थांबून राह्यलीत. मी पाळक होऊन आलो की माझ्याच हातानं माती घ्यायची म्हणतात."

मी म्हटलं, "मंग त्यांना जल्दी न्हाई न?"

पहिल्यांदाच हसताना बघितला त्याला.

*

तिसऱ्या उपदेशाला त्याच्या वाट्याला बायबलातली हरवलेल्या मेंढराची गोष्ट आली. शंभर मेंढरं, एक हरवतं, मेंढपाळ नव्व्याण्णव मागं ठेवून त्या एकाला शोधायला जातो. लिंबाखाली त्यानं मला छान सांगितली. मेंढपाळाची माया, डोंगर, काटे, सगळं. दानियल म्हणाला, "काही विचारायचं का तात्या?"

मी म्हटलं, "एवढंच. त्यानं नव्व्याण्णव कुणापाशी ठेवली?"

दानियलनं पुस्तकात बघितलं. लायब्ररीतून जाड पुस्तकं आणली. ग्रीकच्या सरांना विचारलं. सर म्हणाले, मूळ भाषेत त्याबद्दल काही लिहिलेलं नाही. चार दिवसांनी पुन्हा माझ्याकडं आला. "तात्या, हे कुठंच लिहिलेलं न्हाई."

मी म्हटलं, "लिहिलं नसंल. पण नव्व्याण्णव मेंढरं नुसती सोडून कुणी जात न्हाई बाबा. गेला तर परत येऊन एकच राखावं लागंल."

सुट्टीच्या दिवशी त्याला पुतण्याकडं घेऊन गेलो. गोदावरीच्या अंगाला, वेचणी झालेल्या कापसाच्या रानात वाडा पडला होता, म्हणजे मेंढरांचा मुक्काम होता. दानियल पांढरा शर्ट घालून आला होता. पुतण्याची बायको रुक्मिण, तिनं त्याच्या हातात एक कोकरू दिलं. कोकरानं लगेच शर्ट भिजवला. रुक्मिण म्हणाली, "आता झाले भाऊजी मेंढपाळ."

योग असा की त्याच दुपारी एक मेंढी चुकली. पुतण्या काठी घेऊन निघाला, दानियल त्याच्या मागं निघाला. मी म्हटलं, तू बस इथं. त्याला तर शोधायला जायचं होतं, उपदेशात ते सगळं यायचं होतं. पण बसला.

ऊन कलेपर्यंत बसला. पुतण्या दिसेनासा झाला होता. इकडं रुक्मिण लेकरू कडेवर घेऊन कोकरं कोंडलेल्या जाळीच्या कडेनं फिरत होती. एक बकरी ऊस दिसला की पळायची, तिला वळवत होती. लेकरू रडलं की त्याला पाजत होती, ते उभ्यानंच. मध्येच डोळ्यांनी कळप मोजत होती. चहा पुढं केला होता तो दानियलच्या हातात गार झाला.

सांजला पुतण्या मेंढी खांद्यावर टाकून आला. शेजारच्या वाड्यावरची माणसं जमली. कुठं सापडली, कशी अडकली, किती ओरडत होती, सगळं विचारून झालं. रुक्मिण म्हणाली, "हात धुवा. भाकरी टाकते."

 

*

उपदेशाच्या दिवशी कमिटीचे दोन साहेब पुढच्या बाकावर बसले. शेजारी प्रिन्सिपल साहेब, मांडीवर गुणांचा कागद. बाई त्याच बाकाच्या कडेला. त्यांची जागा तीच, मेसकडं जायला दार जवळ पडतं म्हणून. इतक्या वर्षांत गाण्याशिवाय चॅपलमध्ये त्यांचा आवाज मी ऐकला नव्हता.

मी बाहेर, रुळापाशी. संपायची घंटा द्यायला हातोडी घेऊन बसलो होतो. दार उघडं होतं.

दानियलनं गोष्ट सुरू केली. आवाज बारीक होता, पण चालत होता. शंभर मेंढरं झाली. एक हरवलं. मेंढपाळानं काठी उचलली. नव्व्याण्णव मागं ठेवली.

आणि पोरगा थांबला.

बाक करकरलं. कमिटीच्या एका साहेबांनी घड्याळ बघितलं. दानियलचे ओठ हलत होते, फळ्यापाशी हलायचे तसे. माझ्या हातात हातोडी होती. घंटा दिली असती तर सुटला असता बिचारा, खाली उतरला असता आणि उतरून सरळ जीपला लागला असता.

मी हातोडी खाली ठेवली. चपला काढल्या आणि दारात जाऊन उभा राहिलो. चॅपलमध्ये उपदेश चालू असताना कुणी बोलत नाही, ते मला माहीत होतं.

म्हटलं, "दानियल, नव्व्याण्णव कुणापाशी ठेवली?"

सगळ्या माना मागं वळल्या. दानियलनं त्या मानांकडं बघितलं नाही. लिंबाखाली बघायचा तसं माझ्याकडं बघितलं.

"कारभारणीपाशी, तात्या," तो म्हणाला. "लिहिलेलं न्हाई कुठं. पण ती हाय म्हणून तर तो जाऊ शकला."

मग तो माझ्याशीच बोलत राहिला. मी दारात उभा आणि तो वर. जाळी सांगितली, उसाकडं पळणारी बकरी सांगितली, कडेवरचं लेकरू सांगितलं. सापडलेल्या मेंढराला बघायला माणसं जमली होती, ते सांगितलं. खांद्यावरून आलेलं ते मेंढरू मीच होतो, म्हणाला, आणि मला आणलं तेव्हा झेंडूचे दोनच हार झाले होते. मग आमेन म्हणाला आणि उतरून जागेवर बसला.

 बाकाच्या कडेवरून बाईंचा आवाज आला.

"बराबर हाय."

प्रिन्सिपल साहेबांनी पेनचं टोपण काढलं होतं.  मग गुणांचा कागद त्यांनी बाईंच्या पुढ्यात सरकवला. बाईंनी हात पदराला पुसले आणि पेन मागितला.