लिबियाच्या पडवीतल्या अकरा कुंड्या

लिबिया,

अकरा कुंड्या. सोमवारी परत आणून देते म्हणाली होतीस. कुठल्या सोमवारी, हे विचारून घ्यायला हवं होतं, पण मी पडले रसायनशास्त्राची मास्तरीण. सोमवार म्हटलं की मला येणारा सोमवारच वाटतो. त्याला सहा वर्षं झाली. तुझ्या हातून आजवर किती झाडं गेली ते मी विचारत नाही, तेवढा कागद सालामिनात मिळायचा नाही. कुंड्या तेवढ्या दे. भाजलेल्या मातीच्या आहेत, त्यांचा जीव घेणं तुलाही जमलेलं नाही.

नोराल्बा

हे पत्र नोराल्बा सेबायोसने लिहिलं, त्याची घडी घातली आणि साखरेच्या डब्याखाली सरकवून दिलं. समोरच्या दारात राहणाऱ्या बाईला पत्र लिहायचं म्हणजे जरा अतीच. पण तोंडाने सांगायला गेलं की लिबिया कॉफी पुढे करते, आणि समोरच्याची कॉफी पिता पिता भांडण काही नीट होत नाही.

लिबिया आरोयावेने नोटरीच्या कचेरीत एकतीस वर्षं टंकलेखन केलं. खरेदीखतं, मृत्युपत्रं, वाटण्या. एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला नाही. लग्न केलं नाही, कुणाचं वाईट चिंतलं नाही. फक्त झाडं मारली. सालामिना गावात कुंपणाला ठोकलेली काठीसुद्धा पालवते, पडव्यांतून फर्न असे लोंबतात की पाहुण्याला वाकून आत यावं लागतं. लिबियाची पडवी मात्र दवाखान्यासारखी, लख्ख पुसलेली आणि कुणी बरं होऊन बाहेर न पडणारी.

दृष्ट लागू नये म्हणून लोक दारावर लाल फीत बांधून कोरफड टांगतात. तिला ना माती लागते ना पाणी. कित्येक वर्षं तशीच उलटी लटकून जगते. लिबियाची तीन आठवड्यांत कुजली.

"कुणीतरी जळतंय माझ्यावर," लिबिया म्हणाली. "सगळा मत्सर तिने आपल्या अंगावर घेतला बिचारीने."

"तुझ्यावर? कशासाठी गं? टाइपरायटरसाठी?"

"हस तू. दुसरं काय कारण असणार?"

कारण होतं. लिबिया त्या कोरफडीला रोज सकाळी न्हाऊ घालत होती.

दुर्लक्षाने झाडं मारणारे पुष्कळ असतात. लिबिया मायेने मारायची. येता पाणी, जाता पाणी. पान जरा मान टाकतंय असं दिसलं की चुलीवर गुळाचं पाणी. या गावात सर्दीला गुळाचं पाणी देतात, बाळंतिणीला देतात, नवरा पळून गेला तर देतात. मग फर्ननेच काय घोडं मारलं होतं? मुंग्या मात्र खूश होत्या. अख्ख्या सालामिनातल्या मुंग्या त्या पडवीत सहकुटुंब राहायला आल्या होत्या.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग लिबियाची आई, सोइलाबाई, गावच्या भाषेत दोन्या सोइला, नव्वदीला टेकलेली, डोंगरावरच्या मळ्यात पायरीवरून पडली. हाड वाचलं, पण एकटीने राहणं संपलं. मुली दोन. थोरली मार्लेनी मानिसालेस शहरात तिसऱ्या मजल्यावर राहायची, गॅलरीभर जिरेनियम. धाकटी ही. म्हातारीने निरोप धाडला, "दोघींची घरं बघते. जिच्याकडे झाडं जगतात तिच्याकडे मी राहीन. बाकी वकिली मला नको."

लिबियाने मागची खोली रंगवली, पलंग उन्हाच्या बाजूला ओढला, न्हाणीघराच्या भिंतीला धरायला लोखंडी दांडी ठोकून घेतली. नोराल्बाने ती दांडी पाहिली आणि त्या दिवशी टोमणा मारायचा राहून गेला. आईने मार्लेनीची गॅलरी निवडली असती तर त्या दांडीला लिबियाने पुढची वीस वर्षं रोज पुसलं असतं.

म्हातारी बघायला यायला सहा आठवडे होते. आता, दिलेली फांदी लागत नाही, चोरलेलीच लागते, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. नोराल्बाने मागितल्यावर टोपलीभर दिल्या असत्या. पण मागितलं की संपलंच. म्हणून लिबिया चर्चमध्ये पहाटेच्या मिस्सेला जाताना पर्समध्ये जपमाळेशेजारी कात्री ठेवू लागली. नोराल्बा पडद्याआड कॉफीचा कप घेऊन उभी.

"ती नको गं बावळट," ती पुटपुटायची. "लाकूड झालंय तिचं. डावीकडची घे, डावीकडची!"

लिबिया उजवीकडचीच घ्यायची. शेवटी नोराल्बाने बिगोनिया अशी छाटली की कोवळे धुमारे कठड्यातून रस्त्यावर आले. चोराची सोय बघून छाटणी करणारी गावात ती एकटीच असावी.

एकही फांदी लागली नाही. लिबियाचं मन तिला खायला लागलं, तशी ती पापाची कबुली द्यायला गेली. तिथे काय झालं ते तिनेच नंतर सांगितलं.

"किती वेळा चोरी केलीस?" फादरनी विचारलं.

"सात वेळा, फादर."

"आणि लागल्या?"

"नाही. एकही नाही."

"मग शिक्षा झालीच की. जा घरी." आणि ती उठता उठता हळूच, "नोराल्बाकडची ना? गुलाबी आहे का गं तिच्याकडे अजून?"

म्हातारी रविवारी येणार होती. शनिवारी दुपारी लिबिया दारात उभी राहिली.

"नोराल्बा, तुझी झाडं दे. एका दिवसापुरती. सोमवारी परत आणून देते."

"म्हणजे आईला फसवणार."

"हो."

"नव्वद वर्षांच्या बाईला."

"हो म्हटलं ना! देतेस की नाही?"

मधला रस्ता नऊ पावलांचा. दोघींनी अकरा कुंड्या उचलून नेल्या, गल्लीतल्या प्रत्येक खिडकीतून लोक बघत होते, आणि कुणीही काही पाहिलं नाही, अशा तऱ्हेने सगळ्यांनी नमस्कार केला.

रविवारी जीपमधून दोन्या सोइला उतरली. डोळ्यांत मोतीबिंदू, दिसायचा फक्त उजेड-अंधार. ती काठी टेकत पडवीतून निघाली आणि प्रत्येक कुंडीत बोट खुपसून चाचपू लागली. "हं." पुढची. "हं." अकराव्या कुंडीतून बोट काढून म्हातारी म्हणाली,

"नोराल्बा, झाडं छान ठेवलीस."

बाजूला उभ्या नोराल्बाला कॉफीचा ठसका लागला. "माझी? माझी कुठून, दोन्या सोइला?"

"मातीत कोळशाचा चुरा, वर अंड्याची टरफलं. मीच शिकवलं होतं तुला. डोळे गेलेत माझे, बोटं नाही." मग ती लेकीकडे वळली. "तुझं कुठलं?"

लिबिया मागे मोरीपाशी गेली आणि दूध पावडरचा डबा घेऊन आली. त्यात एक तपकिरी काडी. म्हातारीने काडी चाचपली, मातीत बोट घातलं, हुंगलं, आणि सरळ चाटलं.

"गूळ?"

"आजारी होतं गं आई."

"गरम घातलंस?"

"कोमट." लिबिया म्हणाली. "लिंबू पिळून."

नोराल्बा आढ्याकडे बघत राहिली. म्हातारी हसायला लागली, इतकी की कवळी हाताने धरावी लागली.

"मार्लेनीची जिरेनियम पाहिली," ती दम घेऊन म्हणाली. "फार सुरेख. पाणी कोण घालतं विचारलं, तर कामवाली. उद्या मी मान टाकली तर मला तिथे कामवालीच बघेल. इथे निदान लिंबू पिळून मिळेल. ट्रंक जीपमध्येच आहे, आण जा. आणि त्या काडीला सोड आता, सुटली बिचारी."

सोमवारी कुंड्या परत जायच्या होत्या. पण रविवारी रात्रीच म्हातारीने त्या मोजून ठेवल्या होत्या: चौथी कुंडी म्हणजे खोलीचं दार, सातवीला वळायचं, अकरावीपाशी न्हाणीघर. कुंड्या हलवल्या असत्या तर तिचा रस्ताच हरवला असता. "राहू देत," नोराल्बा म्हणाली. "घाई नाही."

दोन्या सोइला पाच वर्षं राहिली. तिने परवानगी दिल्याशिवाय पाणी नाही, गूळ तर नाहीच. झारी तिच्या उशाशी. अकराही कुंड्या अशा माजल्या की लोक मुद्दाम बघायला यायचे आणि लिबिया मान ताठ करून म्हणायची, "हातगुण असतो एकेकाचा."

गेल्या मार्चमध्ये म्हातारी गेली आणि झारी लिबियाच्या ताब्यात आली. जूनपर्यंत अकराच्या अकरा झाडं कुजली.

कुंड्या जिथल्या तिथे आहेत. रोज सकाळी लिबिया त्यांना पाणी घालते, वाळक्या काड्यांना, पहिलीपासून ओळीने. चौथीपाशी थांबते, सातवीला वळते. समोरच्या खिडकीतून सगळं दिसतं. नोराल्बा "काय हा मूर्खपणा" म्हणते आणि पडदा ओढून घेते.

परवा ती पत्र खिशात घालून गेलीच. लिबियाने कॉफी पुढे केली.

"तुझ्या कुंड्या राहिल्यात माझ्याकडे," लिबिया आपणहून म्हणाली. "सोमवारी आणून देते."

"आण सोमवारी," नोराल्बा म्हणाली.

पत्र पुन्हा साखरेच्या डब्याखाली गेलं. सोमवार येऊन गेला. नऊ पावलांचा रस्ता, पण त्या दिवशी तो ना हिने ओलांडला, ना तिने.