सिस्टर आणि ड्रायव्हरचा पाय

सिस्टरनी सगळी नोकरी सैन्याच्या इस्पितळात काढली, पण त्यांच्याकडे बघून ते कुणाला पटायचं नाही. उंची अशी की भाजीच्या हातगाडीमागे उभ्या राहिल्या तर नुसता अंबाडा दिसावा. आवाज मात्र खणखणीत. रस्त्याच्या या टोकाला त्यांनी "कोण थुंकलं रे?" म्हटलं की त्या टोकाचा माणूस गपकन गिळून टाकायचा. लग्न त्यांनी केलं नाही. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायच्या, "आयुष्यभर वॉर्ड भरून पुरुष सांभाळले. आता घरी आणखी एक कशाला?"

निवृत्तीनंतर त्या सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत, विधवा धाकट्या बहिणीकडे राहायला आल्या. चादरीचे कोपरे सिस्टर इस्पितळात खोचायच्या तसे घट्ट खोचायच्या आणि धाकटी झोपताना ते उपसून काढायची. "ताई, मी पेशंट नाहीये," ती म्हणायची. "अजून नाहीस," सिस्टर म्हणायच्या. दोघींचं बरं चाललं होतं.

माजी सैनिकांच्या संघटनेची बैठक वाचनालयामागच्या खोलीत भरायची. सिस्टर पहिल्यांदा तिथं गेल्या तेव्हा अध्यक्ष असलेल्या सुभेदारांनी अदबीनं सांगितलं, "वहिनी, बायकांची सोय त्या बाजूला केलीय."

"सुभेदार, माझ्या खांद्यावर तुमच्यापेक्षा वरची खूण होती," सिस्टर म्हणाल्या. "पण बसते तिकडेच. तिकडे पंखा आहे."

खोलीत असा हशा पिकला की सुभेदारांच्या मिशासुद्धा हलल्या. पुढच्या बैठकीपासून पंख्याखालची खुर्ची ते स्वतः रुमालानं झटकून ठेवू लागले.

बैठकीत बोलणं व्हायचं ते पेन्शनचं. एकाच हुद्द्यावरचे दोघं, नोकरीही तेवढीच; पण नवी योजना आली आणि नंतर निवृत्त झालेल्याला जास्त मिळू लागलं, आधी घरी आलेला होता तिथंच राहिला. "आधी निवृत्त झालं की म्हातारपण काय स्वस्तात मिळतं?" सुभेदार दरवेळी विचारायचे आणि सगळे दरवेळी माना डोलवायचे. सिस्टरही आधीच्याच. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुलींना आता त्यांच्याहून जास्त पेन्शन होती. पण आपल्याबद्दल त्या तिथं चकार शब्द काढायच्या नाहीत.

या बैठकीतच त्यांना ड्रायव्हर पुन्हा भेटला.

तरुणपणी तो सैन्याचा ट्रक चालवायचा. एका घाटात ट्रकचे ब्रेक गेले, तेव्हा दरीकडे न जाता त्यानं गाडी डोंगराच्या अंगाला घातली. मागे बसलेले सगळे वाचले. याचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. तेव्हा सिस्टर त्याच्या वॉर्डात होत्या. कितीतरी दिवस तो कुणाशी बोलला नाही, आणि मग एका सकाळी त्यानं पेजेची वाटी उचलून सिस्टरना फेकून मारली. त्यांनी कपाळ पुसलं. "नेम चांगला आहे," त्या म्हणाल्या. "आता वाटी उचलायला चालायला शीक." कुबड्या त्यांनीच त्याच्या काखेत दिल्या.

आता तो बाजाराच्या कोपऱ्यावर किल्ल्या बनवायचा. कृत्रिम पायावर फुलपँट, पायात चकचकीत बूट. नवख्याला कळायचंही नाही. सिस्टर त्याला चारचौघांत "तुम्ही" म्हणायच्या आणि चिडल्या की थेट "अरे"वर यायच्या.

एका बैठकीत सुभेदारांनी पेन्शन कचेरीचं नवं फर्मान वाचून दाखवलं. जखमी होऊन निवृत्त झालेल्या सगळ्यांची डॉक्टरांच्या मंडळापुढं नव्यानं तपासणी होणार होती. दुखापत अजून आहे असं मंडळानं लिहून दिलं तरच पेन्शन चालू राहणार.

ड्रायव्हर मागून ओरडला, "मंडळाला कळवा, पाय अजून उगवलेला नाही. उगवला की लगेच सांगतो!"

सगळे पोट धरून हसले. सिस्टर हसल्या नाहीत. ड्रायव्हरही हसला नव्हता, हे त्यांनी पाहिलं होतं.

तो तपासणीला गेलाच नाही. पेन्शन थांबली. दोनेक महिन्यांनी त्याची बायको जिना चढून सिस्टरकडे आली. मऊ बोलणारी, लोकांच्या साड्यांना फॉल लावून देणारी बाई. धाकटीनं तिच्या पुढ्यात चहा ठेवला तरी ती पदराशी चाळा करत राहिली.

"विषय काढला की अंगावर येतात," ती म्हणाली. "म्हणतात, किल्ल्यांवर भागेल आपलं. कसं भागेल, सिस्टर? तुमचं ऐकतील ते. तुम्हीच बोला."

"माझं?" सिस्टर म्हणाल्या. "तो मला वाट्या फेकून मारतो." पण चपला त्यांनी तेव्हाच पायात सरकवल्या होत्या.

ड्रायव्हर कानशीनं किल्ली घासत होता. त्यानं मान वर केली नाही. "बायकोनं पाठवलं ना?"

"हो. का जात नाही तुम्ही?"

"अपमान होतो म्हणून. पाय गेला तेव्हा त्यांच्याच शिक्क्यानं गेला. आता विचारतात, खरंच गेलाय का?"

"अपमान तर आहेच," सिस्टर म्हणाल्या. "सुभेदार त्याविरुद्ध अर्ज करतायत, मीही सही केलीय. पण अर्जाचा निकाल लागेपर्यंत खाणार काय? नुसता राग?"

तो घासायचा थांबला. मग किल्ली खाली ठेवून हळू आवाजात म्हणाला, "सिस्टर, तुम्ही तेव्हा होतात म्हणून तुम्ही पाहिलात. त्यानंतर कुणाला दाखवला नाही मी तो. घरातसुद्धा नाही. दिवा मालवल्याशिवाय पट्टे सोडत नाही. आणि आता चार परक्या माणसांपुढं टेबलावर ठेवू?"

सिस्टर त्याच्या उभं राहण्याकडे बघत होत्या. सगळा भार डाव्या पायावर, ओठ घट्ट मिटलेले.

"दुखतंय," त्या म्हणाल्या.

"नाही."

"अरे, मला शिकवतोस? दुकान आवर. घरी चल."

घरी त्यांनी त्याला खाटेवर बसवलं, पट्टे सोडले आणि मोजा उतरवला. टोकाला कातडी सोलवटून लाल झाली होती आणि एका जागी पू धरला होता. पट्टा जुना झाला होता. पेन्शन थांबल्यापासून नवा घ्यायचं तो टाळत होता.

"वहिनी, कोमट पाणी आणा," सिस्टरनी त्याच्या बायकोला हाक दिली.

ड्रायव्हरनं झटकन चादर ओढली. "ती नको."

"मग पाणी काय मी आणू? मी मोठी अधिकारी आहे."

वहिनी पातेलं घेऊन आली आणि दारातच थांबली. सिस्टरनी चादर बाजूला केली आणि जखम धुवायला घेतली, जणू खोलीत काही विशेष घडतच नव्हतं. ड्रायव्हर भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्याचे कान लालबुंद झाले होते.

वहिनी जवळ आली. तिनं बघितलं, पुन्हा बघितलं. मग पातेलं खाली ठेवून त्याच्या शेजारी बसली.

"एवढंच?" ती म्हणाली. "अहो, इतकी वर्षं मला वाटत होतं, काय भयंकर असेल नि काय नाही. आणि हे एवढं दुखत होतं तर मला सांगायचं नाही?" आवाज भरून आला तशी ती एकदम चिडली. "आणि तो मोजा! मेला, चिंधी झालीय त्याची. मी जगाच्या साड्या शिवते आणि माझ्या घरात हा मोजा?"

ड्रायव्हरनं भिंतीकडून तोंड वळवलं. तो हसत होता की रडत होता हे सिस्टरनी बघितलं नाही. त्या मान खाली घालून पट्टी बांधत होत्या, आणि ती नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ बांधत होत्या.

जखम भरल्यावर तिघंही तपासणीला गेली. वहिनीनं नवा मऊ मोजा शिवला होता. मंडळाच्या खोलीत दार सताड उघडं, बाकांवर माणसं दाटीनं बसलेली. "इथं पडदा हवा," सिस्टर दारातूनच म्हणाल्या. टेबलामागचा तरुण डॉक्टर उठला, कोपऱ्यातला फिरता पडदा त्यानं स्वतः ओढून आणला आणि ड्रायव्हरला बसायला हात दिला. तपासून झाल्यावर तो छापील प्रश्नावर अडखळला. "मला विचारावंच लागतं, काका. सुधारणा होण्याची काही शक्यता?"

ड्रायव्हरनं पायाकडे बघितलं. "रोज पाणी घालतो, डॉक्टरसाहेब. अजून कोंब नाही."

डॉक्टर हसला, मग ओशाळला, आणि "कायमची दुखापत" असं ठसठशीत अक्षरांत लिहून त्यानं सही ठोकली.

पेन्शन चालू व्हायला तरी हेलपाटे पडायचे ते पडलेच. मधल्या काळातली रक्कम कचेरीनं अडकवून ठेवली ती ठेवलीच. तिच्यासाठी सुभेदार अजून भांडतायत. पण महिन्याचा पगार, म्हणजे वहिनी त्याला पगारच म्हणायची, पुन्हा घरात येऊ लागला, आणि ड्रायव्हरनं नवा पट्टा घेतला.

पुढच्या बैठकीत तो उभा राहिला. "माझं झालं," तो म्हणाला. "आता सिस्टरचं बघा. यांच्या हाताखाली शिकलेल्या पोरींना यांच्यापेक्षा जास्त पेन्शन आहे. पेन्शनच्या फरकाबद्दल संघटना अर्ज करतेय, त्यात नर्सचं नाव कुठंय? की यांनी फक्त आमच्या पट्ट्या बांधायच्या?"

सुभेदारांनी अर्ज चाळला, चष्मा पुसला, पुन्हा चाळला. खरंच नव्हतं.

"खाली बस रे," सिस्टर पुटपुटल्या. "माझं काही अडलेलं नाही."

"नाही बसत. तुमचं ऐकून ऐकून आयुष्य गेलं माझं."

तिथल्या तिथं अर्जात नर्सचा मुद्दा घातला गेला. सुभेदारांनी सगळ्यांदेखत सिस्टरची माफी मागितली, आणि सिस्टरना ती घेता येईना. त्या पंख्याकडे बघत राहिल्या. घरी आल्यावर त्यांनी धाकटीला सगळं सांगितलं. धाकटी म्हणाली, "ताई, रडतेयस तू." "सर्दी आहे," त्या म्हणाल्या आणि तोंड धुवायला गेल्या.

त्या अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही. दरम्यान तपासणीला घाबरणारे बाकीचे म्हातारे सिस्टरचा जिना चढू लागले. कुणाच्या पाठीत लोखंडाचा तुकडा, कुणाचा हात वर होत नाही. गेल्या आठवड्यात त्या तोफखान्यातल्या एका आजोबांना घेऊन गेल्या. तोफांनी त्यांचे कान गेले होते, आणि कान तपासायच्या खोलीतला शिपाई आतूनच नावं पुकारत होता. सिस्टर खुर्ची ओढून दारातच बसल्या. आजोबांचं नाव पुकारलं गेलं तेव्हा त्यांच्या वतीनं सिस्टरनी ओ दिली ती अशी, की बाहेर बाकावर पेंगणारे दोन जवान ताडकन उठून सावधानमध्ये उभे राहिले.