बोटीला आवतण

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदमळणी असते. बैलांचे खांदे हळद-लोण्यानं चोळायचे, जू ओढून पडलेल्या घट्ट्यांवरून हात फिरवायचा आणि कानाशी जाऊन म्हणायचं, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ अहमदपूर तालुक्यातल्या आमच्या गावात हे सगळेच करतात. आमच्या घरी मात्र बैलांचं आटोपलं की दादा, म्हणजे माझे वडील, ओसरीवर येतात, भिंतीवरचा युद्धनौकेचा फोटो उतरवतात आणि त्याच्या काचेलाही लोणी लावतात. आवतणही देतात, तेच आणि तसंच.

गाव हसतं. ‘दादा, तुमच्या तिसऱ्या बैलाला पेंड किती लागती?’ असं कुणीतरी दरवर्षी विचारतंच. दादांवर ढिम्म परिणाम होत नाही. ‘जिनं घर वढलं ती बैलाच्या जागीच,’ एवढंच त्यांचं म्हणणं. खोटंही नाही. मी नौदलात होतो, आणि बहिणीचं लग्न, शेतातली विहीर, डोक्यावरचा स्लॅब, सगळं माझ्या त्या नोकरीतूनच उभं राहिलं. नोकरीतली उमेदीची वर्षं मी त्याच नौकेवर काढली. दादा तिला बोट म्हणतात, म्हणून घरी आम्हीही बोटच म्हणतो.

दादांनी तिला एकदाच पाहिलं. खलाशांच्या घरच्यांना समुद्रात फिरवून आणण्याचा एक दिवस असतो. धोतर, पटका अशा थाटात दादा आले आणि बंदर मागे पडताच पोटातलं सगळं समुद्राला देऊन बसले. तरी उतरताना कठड्यावर थाप मारून म्हणाले, ‘लई गरीब हाय.’ न मारणाऱ्या, न हुंदडणाऱ्या जनावराला आमच्याकडे गरीब म्हणतात. तोफा आणि क्षेपणास्त्रं वाहणाऱ्या नौकेला गरीब म्हणणारा माणूस नौदलानं तोवर पाहिला नसेल. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

नौकाही म्हाताऱ्या होतात. पत्रा खंगतो, सुटे भाग मिळेनासे होतात. मग एके दिवशी सूर्यास्ताला तिच्यावरचा झेंडा शेवटचा उतरवतात आणि ती निवृत्त होते. एखादीचं नशीब थोर असलं तर तिचं संग्रहालय होतं. बहुतेकींना भंगारवाले कापतात. आणि काहींना खोल समुद्रात ओढून नेऊन नव्या नौकांच्या नेमबाजीसाठी उभं करतात. क्षेपणास्त्र लागल्यावर खऱ्या नौकेचं काय होतं हे खऱ्या नौकेवरच कळतं, त्यामुळे यात चूक काही नाही. मी स्वतःला हे पुष्कळदा समजावलं आहे.

माझ्या बोटीच्या वाट्याला हेच आलं. तोवर माझी बदली एका नव्या नौकेवर झाली होती, आणि नेम धरायचं काम आमच्याकडेच आलं. तिच्या तोफा काढल्या होत्या, तेल उपसलं होतं, पोट रिकामं करून तिला ओढत नेलं होतं. हुकूम साहेबांचा. पण क्षेपणास्त्र तयार करणाऱ्यांत मी होतो आणि माझं काम मी चोख केलं. ती क्षितिजापलीकडे होती, आम्हाला पडद्यावर नुसता ठिपका. नेम लागल्याचं कळलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. बाकी सगळं हुकमाच्या खाती टाकता येतं, त्या टाळ्या येत नाहीत. तो ठिपका नंतर बराच वेळ पडद्यावर तग धरून होता.

आता मी निवृत्त होऊन नांदेडला विष्णुपुरीकडे राहतो आणि पोळ्याला गावी जातो. दादा दर पोळ्याला विचारायचे, ‘काय करायली रं बोट? काम हाय का बसून हाय?’

‘बसून हाय, दादा. बंदरात.’

‘बसू दे. लई वढलंय तिनं.’

दादांना खरं सांगायची माझी हिंमत होत नव्हती. आमचा म्हातारा बैल चालेनासा झाला तेव्हा लोक म्हणाले, बाजार दाखवा. दादांनी त्याला दावणीलाच ठेवलं. बैल शेतात आडवा झाला तसं त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले, तो जाईपर्यंत उठले नाहीत. मग बांधावरच्या लिंबाखाली मीठ घालून पुरलं. ‘घरच्या माणसाचा हात अंगावर असला की जीव सुखानं जातो,’ हे त्यांचं ठाम मत. अशा माणसाला काय सांगणार?

यंदा लातूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेलीही फार दिवसांची नाही. खांदमळणीला दादांनी चाचपडत फोटो उतरवला, काचेवर लोणी फिरवता फिरवता म्हणाले, ‘मला एकडाव तिच्याकडं घिऊन चल. दिसंना का, हात तर लावतो.’

कुठे नेणार होतो मी त्यांना?

‘दादा, ती न्हाई आता,’ मी म्हणालो. ‘म्हातारी झाली व्हती. समुद्रात बुडवली. आम्हीच.’

काचेवरचा हात थांबला. मी शिव्यांची वाट पाहत होतो. खरं सांगायचं तर त्या मला हव्याच होत्या.

‘आम्हीच म्हंजी? तू व्हतास?’

‘व्हतो.’

‘मंग बरं झालं,’ दादा म्हणाले. ‘घरचं माणूस जवळ व्हतं.’

जवळ नव्हतो, दादा. तिचं तोंडसुद्धा दिसत नव्हतं, आणि मारणाऱ्यांत मीच होतो. हे सगळं ओठांवर आलं होतं. पण फोटोकडे लावलेल्या त्यांच्या त्या विझत्या डोळ्यांपुढे माझा धीर खचला.

‘हाव दादा,’ मी म्हणालो. ‘जवळच व्हतो.’

त्यांनी मान हलवली. फोटो भिंतीला टेकवून ठेवला. हाताला थोडं लोणी उरलं होतं. तो हात पुढे करून ते मला चाचपू लागले. आधी दंड लागला, मग खांदा. सदऱ्यावरूनच त्यांनी माझा खांदा चोळला, बैलाचा चोळतात तसाच, सावकाश.

‘आज आवतण घे,’ दादा म्हणाले, ‘उद्या जेवायला ये.’

मी खांदा मागे घेतला नाही.