कडू काढणारा माणूस

निजामाच्या राज्यात मी शाळेत जात होतो. तेव्हा एकदा हिवतापाच्या दिवसांत हैदराबादहून एक रसायनवाला आमच्या झरी गावाला आला. त्याचं नाव कुणी विचारलंच नाही. गाव त्याला पुडीवाला म्हणायचं.

हिवतापावरचं कोयनेल इतकं कडू की लेकरं थुंकून टाकायची. म्हणून प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं खपून त्यानं तापावर नवं औषध बनवलं होतं, जराही कडू नसलेलं. बोलता बोलता तो नखावर भुकटी घेऊन जिभेला लावायचा आणि डोळे मिटायचा. अशी नाही नाही ती रसायनं चाखून त्याची जीभ मेली होती. तो आमच्याच घरी उतरला होता, आईच्या हातचा ठेचा भातासारखा खायचा.

दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ताप होता. त्यांनी पुडी चाखली. "ह्याला कडूपणाच न्हाई. मंग ताप कशाला भिईल?" असं म्हणून उकिरड्यावर फेकली. गावानंही तेच केलं. दादा त्याच तापात गेले.

दहावा झाल्यावर तो आमच्या अंगणात बसून भुकटीत तिथल्याच कडुलिंबाच्या पाल्याचा रस कालवायला लागला. मान वर न करता मला म्हणाला, "कडू काढायला माझी उमर गेली. घालायला एक सकाळ पुरली."

लोकांनी तोंडं वाकडी करत ते घेतलं आणि ताप उतरले. तो निघाला तेव्हा त्याला वेशीपर्यंत पोचवायला कुणीच नव्हतं. लिंबानं गुण आला म्हणून सगळे आमच्या अंगणातल्या झाडाला नारळ फोडत होते. आईही पदर पसरून तिथंच उभी होती.