लिलावातली उडी

पन्नाशीत मला हातात मावणाऱ्या एका जुन्या धाटणीच्या व्हिडिओ गेमचं वेड लागलं. त्यातला ठेंगू खड्ड्यात पडला की खेळ पहिल्यापासून सुरू. म्हणूनच तो खाली ठेववत नाही.

कारंजाच्या धान्यबाजारात सोयाबीनचा ढीग लावून मी तेच खेळत बसलो होतो. व्यापाऱ्यांनी माझ्या ढिगावर बोली लावली, नेमकी तेव्हाच ठेंगूनं उडी घेतली.

"नाही, नाही!" मी ओरडलो.

ठेंगू पडला. व्यापारी पुढच्या ढिगाकडे गेले. सोयाबीन वापस घरी आलं.

बायको म्हणाली, "भाव पटला नसन. बरं केलं."

आता शेजारी लिलावाला मलाच सोबत नेतात. म्हणतात, "व्यापाऱ्याले नाही म्हणायले तुमच्यासारखी जिगर पाह्यजे."

मी गंभीरपणे मान हलवतो आणि खिशातला गेम चाचपून पाहतो.