मागून उघडणारी बंदूक

कंपनी बंद पडली तेव्हा मी पन्नाशीचा फिटर होतो. पनवेलमधल्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानाच्या म्हाताऱ्या मालकांनी मला कामावर घेतलं. आम्हा फिटर लोकांत दसऱ्याला हत्यारं आरशासारखी घासायची पद्धत. पहिल्याच दसऱ्याला मी भिंतीवरची जुनी लष्करी बंदूकही पॉलिश पेपरने लख्ख घासली. ज्यांच्यावरून तिची ओळख पटायची, ते कोरलेले शिक्केच साफ गेले. मालक बघतच राहिले. मी मुळात तापट. त्यांनी काही बोलायच्या आत डबा उचलला आणि निघालो.

"बस खाली," ते म्हणाले. त्यांनी नळीच्या मागचं झाकण उघडून दाखवलं. "हिच्यात पूर्वी तोंडातून दारू ठासायचे. पुढे काडतुसं आली, पण हिला कुणी भंगारात नाही टाकलं. नळी मागून कापली, हे झाकण बसवलं, आणि हिनेही काडतुसं उडवली. जुनं टाकूनच द्यायचं असतं, तर तुला कशाला घेतलं असतं?"

मालक आता नाहीत. दर दसऱ्याला मी त्या बंदुकीवरून नुसतं तेलाचं फडकं फिरवतो. हार घालायच्या आधी ते झाकण मात्र एकदा उघडून बघतो.